भडकताईचा केशरी झगा

भडकताई हे नाव तिला आमच्या इमारतीच्या जिन्यात पडलं. कोणी ठेवलं ते आता कोणी कबूल करणार नाही. कपडे भडक आणि डोकं कपड्यांहून भडक, त्यामुळे चिकटलं ते चिकटलं. पहिल्यांदा कुणाच्या तरी तोंडून तिच्यादेखत निसटलं तेव्हा बाकीच्यांनी जीभ चावली. ती पायरीवर थांबली, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाली, "मागं ताई लावलंत ना? मग चालेल."

तिसऱ्या मजल्यावर ती आणि तिची आई, दोघीच राहायच्या. ताई तेव्हा पन्नाशीला टेकलेली. नोकरी तयार कपड्यांच्या दुकानात, पण मागच्या अंगाला, जिथं आरसे संपतात आणि खोक्यांची भिंत सुरू होते तिथं. गिऱ्हाईक पुढं पँट घेणार, ती आत येणार, ही खडूची रेघ मारून उंची कमी करणार. चेन बदल, कंबर सैल कर, बाही आखूड कर. हाताखालून जाणारं कापड बहुतेक काळं, करडं, गडद निळं, नाहीतर मातकट.

"दिवसभर लोकांचे पाय कापते," ती म्हणायची, "आणि तेही सगळे सुतकी."

पण बायकांच्या आणि लहान मुलांच्या कपड्यांतून कधीमधी रंगीत तुकडा निघायचा. हातभर पट्टी, वीतभर कोपरा. मालक म्हणायचा, टाका ते कचऱ्यात. ती म्हणायची, टाकते, आणि पिशवीत टाकायची. तीस वर्षं तिनं एक चिंधी वाया घालवली नाही. त्या पिशवीतून तिचं घर उभं राहिलं होतं. दाराला पट्ट्यापट्ट्यांचा पडदा, असा की आत शिरताना माणसाला वाटावं आपण एखाद्या पक्ष्याच्या शेपटीतून चाललोय. भंगारातून आणलेल्या चार खुर्च्या, चौघींचे सोळा पाय सोळा रंगांचे. उसवलेल्या चेनी गोल गोल शिवून केलेली दिव्याची टोपी. डब्यांना रंग, कुंड्यांना रंग, आणि एकदा हौसेच्या भरात स्वयंपाकघरातल्या नळालासुद्धा. अंगात तिचं स्वतःचं शिवलेलं काहीतरी, एक बाही पोपटी तर दुसरी राणी रंगाची. गळ्यात बटणांची माळ. कोपऱ्यावर वळली की खालचा चहावाला म्हणायचा, "सिग्नल आला."

हसायचे सगळे, आणि हसून झालं की हळूच वर जायचे. "ताई, आमच्या खिडकीला पण काहीतरी करून द्या ना. जरा सौम्य असं."

"सौम्य पाहिजे तर दवाखान्यात जा."

आणि दवाखान्याचा विषय निघाला की आत खाटेवर बसलेली तिची आई मान वर करायची, कारण आईचं सगळं आयुष्य दवाखान्यात गेलं होतं. रोगी म्हणून नव्हे. दवाखान्याच्या धुलाईखात्यात. छत्तीस वर्षं तिनं चादरी धुतल्या, उकळल्या, पिळल्या. बोटांची कातडी ब्लीचनं सोलून सोलून गुळगुळीत झालेली. तिचा एकच धर्म होता, पांढरं.

"रंग मळ लपवतो," ती म्हणायची. "पांढरं खोटं बोलत नाही. डाग पडला की पडला."

मायलेकींचं युद्ध फार जुनं होतं. पंधराव्या वर्षी लेकीनं शाळेचा पांढरा सदरा रंगाच्या पुडीत बुडवून गुलाबी केला. आईनं तो तसाच उचलून ब्लीचच्या बादलीत टाकला. सकाळी निघाला तो धड पांढराही नाही आणि धड गुलाबीही नाही, आजारी माणसाच्या हिरड्यांसारखा. लेकीनं तो वर्षभर मुद्दाम घातला. असं. कुणी कुणाला हार गेलं नाही. वडील लवकर गेले, लेकीचं लग्न झालं नाही, आणि दोन खोल्यांत दोन देश वसले. आईच्या खाटेभोवतीचा चौकोन पांढराशुभ्र, चादर ताणलेली, सुरकुती दिसली तर शपथ. त्या चौकोनाच्या पलीकडे लेकीचं सगळं रंगीबेरंगी राज्य.

पण ताई काहीही नवं केलं की ते आधी आईला दिसेल अशा जागी ठेवायची. स्वतः दुसरीकडे तोंड करून काम करत राहायची आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायची. आई चष्मा पुसायची, बघायची आणि म्हणायची, "भडक."

इतकंच. पस्तीस वर्षांत या एका शब्दापलीकडे आईनं लेकीच्या कामाला काही दिलं नाही. आणि ताईला हवं होतं ते तेवढंच होतं, एकदा तरी आईनं दुसरं काही म्हणावं. हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही. विचारलं असतं तर विचारणाऱ्यावर भडकली असती.

आईचं विसरणं सुरू झालं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. आई ताटात अर्धा भात टाकायला लागली. ताई ओरडायची, "आवडत नाही तर सांग ना, नासाडी कशाला?" आई म्हणायची, "संपवला की." आणि ताटात तर निम्मा दिसायचा. चार-पाच दिवस हे चाललं. मग ताईच्या डोक्यात उजेड पडला, तोही कापडामुळे. पांढऱ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याचा टाका उसवायचा तर डोळे फुटतात, दिसतच नाही. आईचं ताट पांढरं, भात पांढरा. कालवणानं रंगलेला तेवढा भात आई खात होती आणि बाकीचा तिला दिसत नव्हता. डोळे ठीक होते, डॉक्टरांनी तपासले. डोळ्यांनी आणलेलं आत घेणारं माणूस थकलं होतं.

ताईनं निळीशार थाळी आणली. आईनं सगळा भात खाल्ला आणि वर मागितला.

दुसरी गोष्ट पायपुसण्याची. दाराशी काळं पायपुसणं होतं. आई त्याच्यापाशी येऊन थांबायला लागली. पुढं पाऊल टाकेना.

"चल ना."

"विहीर आहे तिथं."

ताईनं पायपुसणं उचललं, विहीर गेली.

मग ती जी कामाला लागली ती विचारू नका. संडासाचं दार लालभडक. दिव्याच्या बटणांभोवती पिवळ्याधमक चौकटी. खाटेच्या कडेला हिरवी पट्टी, कुठं खाट संपते ते हाताला आणि डोळ्याला कळावं म्हणून. आईच्या डाव्या चपलेवर आणि डाव्या मोज्यावर एकच हिरवं ठिगळ, उजव्यांवर जांभळं. पांढरा चौकोन हळूहळू बुजला. आई काही म्हणाली नाही. एक दिवस ताई जिन्यात मला म्हणाली, "बघ, घरात पहिल्यांदाच माझ्या रंगांना नोकरी लागली." हसत होती. त्या दिवसांत ती खरंच खुशीत होती, आणि त्याबद्दल नंतर तिनं स्वतःला फार बोल लावला.

पुढं जे झालं त्यात दोष भाषेचा आहे असं मला वाटतं. एका संध्याकाळी ताई कामावरून आली तर आई म्हणाली, "या. बसा."

आता आपल्याकडे आई मुलीला "या, बसा" कधी म्हणते? टोमणा मारायचा असेल तेव्हा. या बाईसाहेब, आलात? वेळ झाला का तुम्हाला? ताईनं हेच ऐकलं. ती म्हणाली, "आले की. उशीर झाला म्हणून एवढं अहो-जाहो नको."

दुसऱ्या दिवशी, "तुम्ही पाणी घेणार का?"

"माझं मी घेते. सोंगं पुरे."

तिसऱ्या दिवशी, "तुम्ही दमलेल्या दिसता."

"दिवसभर उभं राहिलं की दमतं माणूस, खाटेवर बसून नाही कळत."

असे तेरा-चौदा दिवस. आई अगत्यानं बोलत होती आणि लेक फाडफाड उत्तरं देत होती. खाली आम्हाला आवाज यायचे, आम्ही म्हणायचो, पेटल्या दोघी. मग एका संध्याकाळी ताई तोंड फुगवून बसलेली असताना आई जरा जवळ सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही रागावू नका हो. माझी मुलगी येईलच एवढ्यात. तिला विचारा काय ते. मला काही कळत नाही."

ताईच्या हातातला कप तसाच राहिला. तिनं चौदा दिवस मनात मागं मोजले. एकेक वाक्य परत ऐकलं. त्यात टोमणा एकही नव्हता.

आपल्या आईच्या तोंडून खरंखुरं "तुम्ही" ऐकणं म्हणजे काय, ते ज्यानं ऐकलंय त्यालाच कळेल. शिवी बरी. शिवीत निदान "तू" असतं.

त्यानंतर दिवसा आईजवळ थांबायला एक बाई ठेवली, पाठीमागच्या गल्लीतली. वयानं तिशीची, अंगानं दणकट, तोंडानं अखंड. आईला ती आजी म्हणायची, हिला ताई. तिचं एक चांगलं होतं, आजीनं दहा वेळा नाव विचारलं तर दहा वेळा नवं काहीतरी सांगायची आणि दोघी हसायच्या. पण दुपार कलली की आजी दाराकडे बघत बसायच्या आणि रडायच्या. पोरगी आली नाही म्हणून. पोरगी आली की तिला "तुम्ही कोण" विचारायच्या आणि पुन्हा रडायच्या.

त्याच सुमारास दुकानात एक केशरी तागा पडून होता. कुणीतरी चुकून मागवलेला, रंग असा की बघितला की डोळे मिटावे लागत. मालक म्हणाला, "घेऊन जा, तुझ्याशिवाय हा कुणाच्या अंगावर जाणार?" शेवटचा साडेचार मीटर तुकडा होता. ताई तो खांद्यावर टाकून जिना चढली.

"हे काय आणलंस?" वरच्या मजल्यावरच्या पेन्शनर काकांनी विचारलं.

"केशरी."

"केशरी काय?"

"तेच तर. लालला भडक आहे, पिवळ्याला धमक आहे, निळ्याला शार, हिरव्याला गार, काळ्यालासुद्धा कुट्ट आहे. केशरीलाच कुणी नाही. माझ्यासारखी, बिनलग्नाची." आणि स्वतःच हसत वर गेली.

त्या कापडाचा तिनं झगा शिवला. पायघोळ, बाह्या लांब, पुढं दोन मोठे खिसे. अंगात घालून आरशात बघत होती तर मागून खाटेवरून आवाज आला.

"आलीस? किती उशीर गं. आणि काय ते भडक!"

ताई वळली नाही. वळलं तर जाईल असं तिला वाटलं. आरशातच बघत म्हणाली, "आले."

"जेवलीस?"

"नाही."

"मग मर उपाशी. दिवसभर वाट बघतेय मी."

मला हे सांगताना तिनं "मर उपाशी" चार वेळा सांगितलं. एखाद्याला बक्षीस मिळावं तसं.

कसं झालं कुणास ठाऊक. चेहरा पुसला गेला होता, आवाज पुसला गेला होता, पण भडक म्हणजे माझी पोरगी हे कुठंतरी पक्कं बसलं होतं. पस्तीस वर्षांच्या चिडीनं बसलेलं. ताईनं सूत्र धरलं. कामावर जाताना झगा घडी करून पिशवीत, परत येताना खालच्या पायरीवरच अंगावरच्या कपड्यांवर चढवायचा आणि मग वर जायचं. दार उघडलं की "आलीस?" सात महिने हे चाललं. रविवारी झगा धुवायला लागायचा. तो दोरीवर वाळेपर्यंत ती आईला परकी, म्हणून रविवारी ती स्वयंपाकघरातच राहायची, आईच्या नजरेला पडायची नाही.

यात चूक झाली ती शिल्लक कापडाची. सव्वा मीटर उरलं होतं. दुसऱ्या झग्याला पुरणारं नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या हातात असतं तर कपाटात पडून राहिलं असतं, नाहीतर फेकलं गेलं असतं. पण हिची जात चिंधी वाया न घालवणाऱ्यांची. आई दिवसभर रडते, तर तिला जवळ घ्यायला काहीतरी करू, म्हणून तिनं त्या सव्वा मीटरची लांबट उशी शिवली आणि आत तीस वर्षांच्या साठ्यातल्या चिंध्या भरल्या. सकाळी निघताना आईच्या कुशीत ठेवली.

संध्याकाळी बाई दारातच भेटली. "ताई, जादू! आजी आज एकदा पण रडल्या नाहीत. उशी मांडीवर घेऊन बसल्या होत्या नुसत्या. तुम्ही डोक्यालिटीच्या बाई हो."

"कशाच्या?"

"डोकेबाज म्हणते मी."

आठवडा गेला. आजी उशीवरून हात फिरवायच्या. मग उशीशी बोलायला लागल्या. बाईनं कौतुकानं सांगितलं, "आज तिला जेवायला घालत होत्या. म्हणतात, खा गं, दमून आलीस." ताई ऐकून हसली, पण हसू अर्ध्यात थांबलं.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी ती झगा घालून दारात उभी राहिली तर "आलीस?" आलं नाही. आई खाटेवर, उशी छातीशी. आईनं दाराकडे बघितलं, उशीकडे बघितलं, पुन्हा दाराकडे. तोंड उघडं राहिलं.

"दोन कशा?" ती म्हणाली.

"आई, मी आहे. ती उशी आहे."

"दोन कशा झाल्या?" आई भिंतीकडे सरकायला लागली. उशी पाठीशी घातली, लपवायला. "ही माझी आहे. हिला नाही द्यायची. तुम्ही कुणाचे कपडे घालून आलात? कोण तुम्ही?"

बाई मध्ये पडली, "आजी, अहो, ताई आहेत," पण ताईचं डोकं तोपर्यंत भडकलं होतं. नावाला जागली. तिनं उशी ओढून घेतली, मशीनवरचं उसवायचं हत्यार उचललं आणि एका दमात उशीची एक शिवण टरकन उसवली. "बघ! चिंध्या आहेत! ही तुझी पोरगी? चिंध्या!" झटकून सगळं खाली ओतलं. पोपटी, जांभळं, राणी, पिवळं, फरशीभर.

आई खाटेवरून उतरली. गुडघे वाकत नव्हते तरी ती खाली बसली आणि एकेक चिंधी गोळा करायला लागली. गोळा करायची, फुंकर घालायची, पदराखाली दडवल्यासारखी छातीशी धरायची.

"लागलं का गं?" चिंध्यांना विचारत होती. "कुठं लागलं? थांब, रडू नको. आई आहे ना."

बाईनं तोंडावर हात घेतला.  मग ताईनं अंगातला झगा डोक्यावरून काढला, खुर्चीवर टाकला आणि ती फरशीवर आईसमोर बसली. सुईत दोरा ओवायला तिला पाच मिनिटं लागली. जिला डोळे मिटून ओवता येतो तिला. आई एकेक चिंधी तिच्या हातात देत होती, ती आत भरत होती. सगळ्या भरून झाल्यावर ताई शिवायला लागली तसं आईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हळू हो बाई. टोचेल तिला."

"नाही टोचू देत."

"तुमचा हात चांगला आहे. शिवण्याचं काम करता का तुम्ही?"

"हो."

"माझी मुलगी पण करते."

ताईनं गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि उशी आईच्या मांडीवर ठेवली. आईनं ती उचलून खांद्याला लावली, थोपटली. त्या दिवशी ताईनं ठरवलं. झगा आणि उशी एका घरात चालणार नव्हते. झगा ती बाहेर असताना आईला काही देऊ शकत नव्हता. उशी चोवीस तास होती.

दुसऱ्या दिवशी तिनं दुकानातून करड्या रंगाचा एक साधा कुर्ता विकत घेतला. मालकानं दोनदा विचारलं, "कुणासाठी?" चहावाल्यानं ती समोरून गेली तरी ओळखली नाही. जिन्यात पेन्शनर काका थट्टेनं म्हणाले, "अगं, कोण गेलं?" ती तशीच वर निघून गेली. काकांनी नंतर कितीतरी दिवस स्वतःच्या तोंडाला शिव्या घातल्या.

आता रोज संध्याकाळी ती शिवणारी बाई म्हणून घरात यायची. आई म्हणायची, "या हो, बसा." ती स्टुलावर बसायची, उशीचे टाके तपासल्यासारखं करायची. आणि आई बोलायची. परक्या बाईशी माणूस मोकळं बोलतं. पोटच्या पोरीला पस्तीस वर्षं जे सांगितलं नाही ते ती या बाईला सांगायला लागली. त्यात सगळं गोड होतं असं समजू नका.

"माझी मुलगी फार तापट. हिचं लग्न झालं नाही ते माझ्यामुळे, असं लोकांना सांगते."

"कोणाला सांगते?" ताईचा आवाज चढला.

"सगळ्यांना. खोटं आहे ते. एक चांगला मुलगा आला होता. हिनं त्याचा शर्ट बघून नाही म्हटलं. फिका होता म्हणे."

ताईला हसू आलं आणि तिनं ते खोकल्यात घातलं. कारण ते खरं होतं.

दुसऱ्या एका संध्याकाळी आई म्हणाली, "धुलाईखात्याला एकच खिडकी होती. वर, भिंतीत. दुपारी सुट्टी झाली की मी बादली पालथी घालून तिच्यावर चढायची. माझी पोरगी त्याच वेळी शाळेतून परत जायची. रस्त्यात शंभर पोरं, सगळी एकसारखी, पांढरे सदरे. माझी लांबून कळायची. कधी डोक्याला तांबडी चिंधी बांधलेली, कधी पिशवीला काहीतरी लटकवलेलं. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत मी बघत राहायची. मग उतरायची."

"तिला सांगितलंत का हे?"

"छे. डोक्यावर बसली असती." आईनं उशी सारखी केली. "तुम्ही पण सांगू नका हं."

"नाही सांगत," ताई म्हणाली.

हे सांगण्यासारखं नसतं असं नाही. पण सांगायचं कुणाला? ज्या पोरीला ते ऐकायचं होतं ती तिथं नव्हती, तिथं एक शिवणारी बाई बसली होती, आणि तिनं वचन दिलं होतं.

सात वाजले की आई खिडकीकडे बघायची आणि म्हणायची, "अंधार पडला. तुम्ही निघा आता. तुमची आई वाट बघत असेल."

"हो, निघते."

मग ताई उठायची, पायात चपला घालायची, बाहेर येऊन दार ओढून घ्यायची आणि जिन्यात बसायची. आत बाई आजीला झोपवायची. त्याला पाऊण तास लागायचा. पहिल्या दिवशी मी खालून वर येत होतो, बघतो तर ही पायरीवर, पिशवी मांडीवर.

"किल्ली विसरलीस?"

"नाही. मला घरी पाठवलंय."

मी तिच्याशेजारी बसलो.  आतून बाईचा गुणगुणण्याचा आवाज येत होता. दिवा मालवला गेला, दाराखालची उजेडाची रेघ गेली, तशी ती उठली आणि पाय न वाजवता आत गेली.

असे पाच महिने. त्या पाच महिन्यांत घरात एकही नवी वस्तू झाली नाही. तुकडे येत राहिले, पिशव्या भरत राहिल्या. कुणी पडदा मागायला आलं तर ती म्हणायची, "सौम्य कापड घेऊन या, शिवून देते." ते ऐकून माणूस पडदा न मागताच खाली यायचं.

मग आईचं खाणं सुटलं. निळ्या थाळीतला भात नजरेला दिसत होता, पण तो कशासाठी असतो ते आई विसरली होती. शेवटच्या दिवशी दुपारी डॉक्टर येऊन गेले, म्हणाले, आता संध्याकाळपर्यंत बघा. बाईनं दुकानात निरोप धाडला. ताई आली ती नेहमीसारखी, करड्या कुर्त्यात. दारात उभी राहून म्हणाली, "येऊ का?"

आईचे डोळे अर्धे उघडे होते. "या" आलं नाही. ताई स्टूल ओढून बसली. आईचा एक हात उशीवर होता, दुसरा मोकळा पडला होता, खाटेच्या कडेच्या हिरव्या पट्टीवर. तो धरावा की नाही हे तिला कळेना. परक्या बाईनं कसा धरायचा? शेवटी तिनं बोटाला बोट लावून ठेवलं, कापडाचा पोत बघतात तसं. ती कातडी अजून गुळगुळीत होती.

बाई मागं उभी होती. हळूच म्हणाली, "ताई, झगा आणू का? घाला ना एकदा. ओळखतील."

ताईनं आईकडे बघितलं. उशीवरची बोटं हळूहळू हलत होती, थोपटल्यासारखी.

"ओळखलंय तिनं," ताई म्हणाली. "जवळ आहे तिच्या. आता मध्ये कशाला कुणी?"

साडेसहा झाले. बोटं थांबली. श्वास लांब लांब होत गेला, मग दोन श्वासांच्या मध्ये एवढी जागा पडायला लागली की बाई ती मोजत होती. आम्ही दोघं-तिघं दारात उभे होतो. सात वाजायच्या सुमाराला बाई पुढं झाली, वाकली, आजींच्या नाकापाशी हात धरला, बराच वेळ धरला. मग तिनं त्यांचे डोळे मिटले आणि ताईच्या खांद्यावर हात ठेवला.

"ताई, गेल्या आजी. उठा."

बाहेर अंधार पडला होता. ताई स्टुलावरून हलली नाही.

"थांब गं जरा," ती म्हणाली. "अजून मला जा म्हणाली नाही ती."